न झालेल्या निवडणुकीचे भाकीत



दिनांक ८ नोव्हेंबर १९९५ रोजी अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात, अलेक्झांड्रिया या गावी, एका निवृत्त सेनापतीने वार्ताहरांना बोलावून सांगितले, की आपण राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढविणार नाही. राजकीय जीवनासाठी अंतःकरणातून जी हाक यावी लागते, ती आपल्याला अद्याप ऐकू येत नाही, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. या सेनापतींचे नाव कॉलिन पॉवेल. जमैका बेटातून न्यूयॉर्कला आलेल्या आईबापांचा हा मुलगा १९८९ ते १९९३ या काळात अमेरिकेच्या तिन्ही सेनादलांच्या संयुक्त प्रमुखपदी होता. १९९१च्या आखाती युद्धामुळे त्यांचा चेहरा घरोघरी पोहोचला होता. त्या दिवशी ते अठ्ठावन्न वर्षांचे होते. जी निवडणूक कधी सुरूच झाली नव्हती, ती त्यांच्या एका वाक्याने संपली.

परंतु खरोखर ती सुरू झाली नव्हती काय? त्याच वर्षीच्या सप्टेंबरात पॉवेल यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले होते. गावोगावच्या पुस्तकांच्या दुकानांपुढे त्यांची स्वाक्षरी घेण्यासाठी लांबच लांब रांगा लागत होत्या. जनमताचा कानोसा घेणाऱ्या संस्था त्याच सुमारास देशभर दूरध्वनी करून विचारीत होत्या: उद्या डेमोक्रॅटिक पक्षातर्फे बिल क्लिंटन आणि रिपब्लिकन पक्षातर्फे कॉलिन पॉवेल उभे राहिले, तर आपण कोणाला मत द्याल? अनेक चाचण्यांत उत्तर पॉवेल असे येत होते. वस्तुतः तोपर्यंत पॉवेल हे कोणत्या पक्षाचे आहेत, हेही त्यांनी जाहीर केलेले नव्हते. आपण रिपब्लिकन पक्षात सामील होत आहोत, हे त्यांनी सांगितले ते नकाराच्या त्याच पत्रकार परिषदेत.

या घटनेला आता तीन दशके लोटली. तरीही अमेरिकन राजकारणाचे अभ्यासक तिच्याकडे वारंवार वळतात, आणि ते केवळ कुतूहलापोटी नव्हे. पॉवेल उभे राहून निवडून आले असते, तर अमेरिकेला पहिला कृष्णवर्णी राष्ट्राध्यक्ष २००८च्या निवडणुकीत बराक ओबामांच्या रूपाने मिळाला, तो बारा वर्षे आधी मिळाला असता. एका समाजाच्या मनात शतकानुशतके असलेली भिंत १९९६ साली कोसळण्याइतकी जीर्ण झाली होती की नव्हती, असा हा प्रश्न आहे. त्याचे उत्तर चाचण्यांच्या आकड्यांत सापडते काय, हे पाहणे हा आजच्या विवेचनाचा हेतू.

आपल्या भाषेने असल्या 'जर-तर'ची पुरेशी थट्टा करून ठेवली आहे. आत्याबाईला मिशा असत्या तर तिला काका म्हटले असते, असे म्हणून आपण विषय झटकून टाकतो. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, असेही म्हणतो. पण व्याकरण या म्हणींपेक्षा अधिक सूक्ष्म आहे. 'पाऊस पडला असता तर पीक आले असते' या संकेतार्थी वाक्यात पाऊस पडला नाही ही कबुली आधीच आलेली असते. 'पाऊस पडला तर पीक येईल' यात ती नसते. तेथे आभाळ अजून मोकळे आहे. जनमत चाचणीचा प्रश्न या दुसऱ्या जातीचा असतो. 'उभे राहिले तर' असे विचारले जाते, उत्तर देणाराही त्या 'तर'च्या आधारानेच बोलतो. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात मात्र तो 'तर' गळून पडतो आणि मथळा येतो, की पॉवेल क्लिंटनच्या पुढे. अट नाहीशी होते आणि विधान तेवढे उरते. गणितात चूक होण्याआधीच येथे भाषेत चूक झालेली असते.

गणिताच्या चुकांचा इतिहासही मोठा उद्बोधक आहे. ग्रंथालयाच्या सभासदांना त्यातील एक गोष्ट विशेष जवळची वाटेल, कारण ती एका साप्ताहिकाच्या मृत्यूची आहे. 'लिटररी डायजेस्ट' हे १८९० साली निघालेले अमेरिकन साप्ताहिक एके काळी मध्यमवर्गाच्या घराघरांत वाचले जाई. १९१६पासून ते दर निवडणुकीच्या वेळी वाचकांना व इतरांना टपालाने नमुना मतपत्रिका धाडी आणि आलेल्या उत्तरांवरून निकाल वर्तवी. १९१६, १९२०, १९२४, १९२८ आणि १९३२ अशा सलग पाच निवडणुकांत त्याने विजेता अचूक सांगितला. १९३६ साली त्याने सुमारे एक कोटी पत्रिका धाडल्या. तेवीस-चोवीस लाख परत आल्या.  त्यांवरून साप्ताहिकाने जाहीर केले, की फ्रँकलिन रुझवेल्ट यांचा पराभव होणार. कॅन्सस राज्याचे राज्यपाल आल्फ्रेड लँडन यांना ५५ टक्के आणि रुझवेल्ट यांना ४१ टक्के मते पडणार.

निकाल लागला तेव्हा रुझवेल्ट यांना जवळजवळ ६१ टक्के मते पडली होती. अठ्ठेचाळीस राज्यांपैकी मेन आणि व्हरमाँट ही दोन चिमुकली राज्ये तेवढी लँडन यांच्या पदरात आली. दोन वर्षांच्या आत, १९३८ साली, 'लिटररी डायजेस्ट' बंद पडले. त्याला आणखीही कारणे होती, पण विश्वासाला गेलेला तडा हे त्यांतले मुख्य मानले जाते.

ही गोष्ट पाठ्यपुस्तकांत ज्या रीतीने सांगितली जाते, ती अर्धीच खरी आहे. साप्ताहिकाने पत्ते घेतले ते टेलिफोनच्या याद्यांतून आणि मोटारगाड्यांच्या नोंदींतून. मंदीच्या काळात ज्यांच्याकडे या दोन्ही वस्तू होत्या ते सुखवस्तू लोक रुझवेल्टविरोधी होते. म्हणून अंदाज चुकला, असे सांगतात. १९८८ साली पेव्हरिल स्क्वायर या अभ्यासकाने १९३७च्या एका जुन्या गॅलप चाचणीच्या आधारे हा प्रश्न नव्याने तपासला. त्यात असे दिसून आले, की ज्यांच्याकडे पत्रिका पोहोचल्या त्या सर्वांनी जर त्या भरून परत केल्या असत्या, तर निदान विजेता तरी बरोबर ठरला असता. चूक केवळ कोणाला विचारले यात नव्हती. कोणी उत्तर देण्याची तसदी घेतली, यातही होती. ज्यांना रुझवेल्ट नकोसे झाले होते, त्यांनी तत्परतेने पाकिटे डकवली. समाधानी माणूस पत्र लिहीत नाही, हे कोणत्याही संस्थेच्या चिटणीसाला ठाऊक असते. आज टेलिफोनवरील चाचण्यांना शंभरातील जेमतेम काही माणसे प्रतिसाद देतात, तेव्हा हा नव्वद वर्षांपूर्वीचा धडा पुन्हा ताजा होतो.

त्याच १९३६ साली जॉर्ज गॅलप या नवख्या संशोधकाने थोड्या पण निवडून घेतलेल्या माणसांना विचारून रुझवेल्ट यांचा विजय वर्तविला. एवढेच नव्हे, तर 'लिटररी डायजेस्ट'ची चाचणी निघण्यापूर्वीच, जुलै महिन्यात, ते साप्ताहिक लँडन यांना सुमारे ५६ टक्के मते देऊन बसेल, हेही त्याने छापून टाकले. दुसऱ्याच्या चुकीचे असे अचूक भाकीत क्वचितच कोणी केले असेल. गॅलपचा स्वतःचा अंदाज रुझवेल्ट यांना पाच-सहा टक्के कमी लेखणारा होता, पण विजेता बरोबर आल्यावर ते कोण पाहतो? पुढे १९४८ साली मात्र गॅलप, रोपर आणि क्रॉसली हे तिघेही नामवंत फसले. न्यूयॉर्कचे राज्यपाल थॉमस ड्यूई यांचा विजय त्यांनी निश्चित मानला होता. रोपर यांना तर तो इतका निश्चित वाटला, की सप्टेंबरातच त्यांनी आणखी विचारपूस करण्यात अर्थ नाही असे जाहीर केले. 'शिकागो डेली ट्रिब्यून'ने ड्यूई विजयी झाल्याचा मथळा छापला आणि तो अंक हातात धरून हसणारे हॅरी ट्रूमन यांचे छायाचित्र जगभर गेले. चाचण्या लवकर थांबवल्या आणि शेवटच्या आठवड्यांत मतदारांनी मन बदलले, हे त्या अपयशाचे एक कारण ठरले.

हे दोन्ही प्रसंग खऱ्या सामन्यांचे आहेत. तेथे दोन्ही उमेदवार मैदानात उभे होते. ज्या सामन्यात एक उमेदवार अजून मैदानाबाहेरच उभा असतो, त्याचे काय?

१९९२ची साक्ष येथे उपयोगी पडेल. टेक्सासचे धनाढ्य उद्योगपती रॉस पेरो यांनी अपक्ष उभे राहण्याची इच्छा दाखविली. त्यांनी अजून रीतसर घोषणाही केलेली नव्हती. जूनमधील गॅलप चाचणीत पेरो ३९, विद्यमान राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश ३१ आणि क्लिंटन २५ असा क्रम लागला. नोव्हेंबरात प्रत्यक्षात क्लिंटन ४३, बुश सुमारे साडेसदतीस आणि पेरो १९ टक्क्यांच्या आसपास. जूनमध्ये जो तिसरा होता तो राष्ट्राध्यक्ष झाला आणि जो पहिला होता त्याला एकही राज्य मिळाले नाही. त्याआधी १९८८ साली, डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनानंतर, मॅसॅच्युसेट्सचे राज्यपाल मायकेल डुकाकिस सतरा टक्क्यांनी पुढे होते. नोव्हेंबरात ते जवळजवळ आठ टक्क्यांनी हरले. १९८३च्या जानेवारीत रोनाल्ड रेगन यांच्या कारभारावर ३५ टक्के लोक समाधानी होते. पुढच्या वर्षी ते पन्नासपैकी एकोणपन्नास राज्ये जिंकून परत आले. उलट थोरल्या बुश यांच्या कारभारावर आखाती युद्धानंतर, १९९१च्या वसंतात, ८९ टक्के लोक खूष होते आणि पुढच्याच वर्षी त्यांनी घरचा रस्ता धरला.

या सर्वांचा अर्थ लोक लहरी असतात असा काढणे अन्यायाचे होईल. जून महिन्यात पेरो यांचे नाव घेणाऱ्या माणसाने पेरो यांना निवडलेलेच नव्हते. बुश व क्लिंटन या दोघांविषयीची आपली नाराजी त्याने एका कोऱ्या नावावर नोंदविली होती. ज्या माणसाला अजून कर किती लावणार, सैन्य कोठे पाठविणार, न्यायाधीश कोणते नेमणार या प्रश्नांची उत्तरे द्यावी लागलेली नाहीत, त्याच्या नावावर प्रत्येकाला आपल्या मनातील उत्तर लिहिता येते. पॉवेल यांचे नाव असेच कोरे होते, आणि त्यात सैनिकी गणवेशाची भर पडली होती. आयझेनहॉवर यांचा दाखला त्या काळी प्रत्येकाच्या ओठांवर असे. १९४८ साली दोन्ही पक्षांतील पुढाऱ्यांना हवा असलेला हा सेनापती १९५२ साली रिपब्लिकन म्हणून उभा राहिला आणि ५५ टक्के मते मिळवून आला. मग १९९६ साली दुसरा सेनापती का येऊ नये?

भेद होता तो मार्गाचा. १९५२ साली पक्षाचा उमेदवार ठरला तो मुख्यतः अधिवेशनात, पुढाऱ्यांच्या वाटाघाटींतून. १९७०च्या दशकापासून तो राज्याराज्यांतील पक्षांतर्गत मतदानातून ठरू लागला. त्या मतदानाला सर्वसामान्य मतदार थोडे आणि पक्षाचे कडवे अनुयायी अधिक जातात. पॉवेल यांची मते आत्मचरित्रातून आणि मुलाखतींतून तोवर बाहेर आली होती. गर्भपाताचा निर्णय स्त्रीने घ्यावा, या बाजूचे ते होते. कृष्णवर्णीयांना व मागे राहिलेल्यांना संधी देणाऱ्या धोरणांना त्यांचा पाठिंबा होता. रिपब्लिकन पक्षाच्या परंपरावादी गोटातील काही पुढाऱ्यांनी त्यांची उमेदवारी जाहीर होण्याची वाटही न पाहता उघड विरोध सुरू केला. २० फेब्रुवारी १९९६ रोजी न्यू हॅम्पशायर राज्यात काय घडले, हे पाहिले म्हणजे त्या विरोधाचे वजन कळते. सेनेटमधील बहुमताचे नेते बॉब डोल यांना तेथे पॅट ब्युकॅनन या अतिकडव्या वक्त्याने सुमारे एका टक्क्याने मागे टाकले. जो पक्ष डोल यांनाही मवाळ समजत होता, तो पॉवेल यांना कसा सामोरा गेला असता?

क्लिंटनविरुद्ध पॉवेल असा प्रश्न विचारणारी चाचणी ही सगळी वाट एका उडीत ओलांडते. या वाटेवर माणूस बदलतो, हे ती विसरते. उमेदवारी मिळविण्यासाठी पॉवेल यांनी आपली मते थोडी जरी वळवली असती, तरी ज्या मध्यममार्गी मतदारांनी त्यांचे नाव घेतले ते दुरावले असते. न वळवावीत तर उमेदवारी मिळणे कठीण. म्हणजे ज्या पॉवेलना लोक मते देत होते, ते पॉवेल नोव्हेंबर १९९६पर्यंत पोहोचण्याची शक्यताच कमी होती.

तरीही घटकाभर असे मानू या, की ते पोहोचले. तेव्हा काय झाले असते, याचा हिशेब बऱ्याच अंशी मांडता येतो, कारण प्रत्यक्ष झालेल्या क्लिंटन-डोल लढतीचे राज्यवार आकडे उपलब्ध आहेत. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष थेट लोकांच्या मतांनी निवडला जात नाही. प्रत्येक राज्याला त्याच्या प्रतिनिधिगृहातील व सेनेटमधील सभासदांच्या संख्येइतके निर्वाचक असतात. एकंदर निर्वाचक ५३८, बहुमत २७०. मेन आणि नेब्रास्का सोडल्यास, राज्यात ज्याला एका मताने का होईना अधिक मते मिळतात, त्याच्या पदरात त्या राज्याचे सगळे निर्वाचक पडतात. या व्यवस्थेमुळे २००० साली अल गोर देशभरात पाच लाखांहून अधिक मते जास्त मिळवूनही हरले. फ्लोरिडातील ५३७ मतांनी निकाल फिरवला. २०१६ साली हिलरी क्लिंटन यांना तब्बल अठ्ठावीस लाखांहून अधिक मते जास्त मिळाली, पण मिशिगन, विस्कॉन्सिन आणि पेन्सिल्व्हेनिया या तीन राज्यांत मिळून ऐंशी हजारांहून कमी मतांनी त्यांचे पद हुकले. म्हणून देशभराची एकच टक्केवारी सांगणारे भाकीत अमेरिकेच्या बाबतीत अपुरे ठरते.

१९९६ साली क्लिंटन यांना ३७९ आणि डोल यांना १५९ निर्वाचक मिळाले. डोल यांच्या जागी पॉवेल असते, तर त्यांना आणखी १११ हवे होते. क्लिंटन यांनी सर्वांत कमी फरकाने जिंकलेल्या राज्यांपासून प्रारंभ करू. केंटकी आणि नेव्हाडा ही राज्ये त्यांनी जेमतेम एका टक्क्याने राखली. मग ॲरिझोना, टेनेसी, फ्लोरिडा, मिसुरी, ओहायो, न्यू मेक्सिको, ओरेगन. ही सगळी उलटली तरी बेरीज २५९वर थांबते. त्यानंतरचे पेन्सिल्व्हेनिया, २३ निर्वाचकांचे, क्लिंटन यांनी नऊ टक्क्यांहून थोड्या अधिक फरकाने जिंकले होते. तेही पडले तर २८२ होतात आणि सत्तापालट होतो. थोडक्यात, शंभर मतदारांतील पाचांनी क्लिंटन यांना सोडून पॉवेल यांच्याकडे जायला हवे होते. सर्व राज्यांत वारे सारखेच वाहील असे येथे गृहीत धरले आहे. प्रत्यक्षात तसे वाहत नाही, पण दिशा कळण्यास एवढे पुरे.

पाचजण मिळाले असते काय? वरवर पाहता सहज. कृष्णवर्णी मतदार त्या काळी दहापैकी आठांहून अधिक संख्येने डेमोक्रॅटिक पक्षाला मत देत. फिलाडेल्फियासारख्या शहरात त्यांतील थोडे जरी पॉवेल यांच्याकडे वळले असते, तरी पेन्सिल्व्हेनियाचे पारडे हलले असते. मात्र येथे एका कटू अनुभवाची आठवण ठेवावी लागते. १९८९ साली व्हर्जिनियात डग्लस वाइल्डर हे कृष्णवर्णी गृहस्थ राज्यपालपदासाठी उभे होते. अखेरच्या चाचण्यांत ते चांगल्या फरकाने पुढे दिसत होते. मते मोजली तेव्हा ते जिंकले खरे, पण अर्ध्या टक्क्याहूनही कमी फरकाने. त्याआधी १९८२ साली कॅलिफोर्नियात टॉम ब्रॅडली चाचण्यांत पुढे राहून हरले होते. काही गोरे मतदार प्रश्नकर्त्याला संकोचाने एक सांगतात आणि मतपेटीपाशी दुसरेच करतात, असा अर्थ त्यातून काढला गेला. २००८ साली ओबामांच्या बाबतीत असा फरक पडला नाही. चाचण्या आणि निकाल जवळपास जुळले. हा बदल १९९६पूर्वी झाला होता की नंतर, हे कोणत्याही चाचणीला सांगता आले नसते. तो प्रयोग झाल्यावरच कळतो, आणि १९९६ साली तो प्रयोग झाला नाही.

दुसरी गोष्ट प्रतिस्पर्ध्याची. १९९५च्या शरदातील क्लिंटन आणि १९९६च्या शरदातील क्लिंटन ही जणू दोन माणसे होती. १९९४ साली काँग्रेसची दोन्ही सभागृहे त्यांच्या पक्षाने गमावली होती; प्रतिनिधिगृह तर चाळीस वर्षांनी हातचे गेले. अशा थकलेल्या क्लिंटन यांच्याशी पॉवेल यांची तुलना चालली होती. पॉवेल यांच्या नकारानंतर आठवडाही लोटला नाही, तोच अंदाजपत्रकाच्या भांडणावरून सरकारी कचेऱ्यांना टाळे लागले. डिसेंबरात ते पुन्हा लागले आणि जानेवारीपर्यंत राहिले. लोकांनी दोष दिला तो मुख्यतः काँग्रेसमधील रिपब्लिकन पुढाऱ्यांना. क्लिंटन सावरले. निवडणुकीच्या वेळी बेकारी साडेपाच टक्क्यांच्या आत आली होती आणि अमेरिकन सैनिक कोठेही मोठ्या युद्धात गुंतलेले नव्हते. पॉवेल उमेदवार असते, तर त्याच पक्षाच्या झेंड्याखाली उभे राहून त्यांना टाळेबंदीचे समर्थन तरी करावे लागले असते, नाही तर स्वपक्षाशी उघड भांडण तरी.

उमेदवारांची नावेच न विचारता भाकीत करू पाहणारा एक पंथही आहे. येल विद्यापीठाचे अर्थशास्त्रज्ञ रे फेअर यांनी १९७८पासून आर्थिक वाढ आणि महागाई यांवरून निकाल मांडण्याची रीत रूढ केली. १९९२ साली तिने बुश यांना विजयी ठरविले आणि ती फसली. इतिहासकार ॲलन लिक्टमन यांनी १९८१ साली व्लादिमिर केइलिस-बोरोक या रशियन भूकंपशास्त्रज्ञाच्या साहाय्याने तेरा कसोट्या तयार केल्या. मतदारांच्या उलथापालथीकडे भूकंप म्हणून पाहण्याची ही कल्पना मोठी रम्य आहे. त्या तेरांपैकी दोनच कसोट्या उमेदवारांच्या व्यक्तिमत्त्वाविषयी आहेत. आव्हान देणारा राष्ट्रवीर असणे ही त्यांतली एक. म्हणजे या पद्धतीने पॉवेल यांच्या सगळ्या तेजाला एका खुणेपुरतीच किंमत मिळते. ती किंमत फार कमी आहे, असे वाटल्यावाचून राहत नाही. परंतु तिच्यामागचा विचार चुकीचा नाही: सत्तेवरील पक्षाचा कारभार बरा चालला असेल, तर लोक सहसा घोडा बदलत नाहीत. लिक्टमन यांनाही अखेर २०२४ साली धक्का बसला. कमला हॅरिस यांचा विजय त्यांनी वर्तविला होता, आणि डोनाल्ड ट्रम्प ३१२ निर्वाचकांसह आले.

त्या २०२४चीच आणखी एक गोष्ट येथे चपखल बसते. जवळजवळ दीड-दोन वर्षे चाचण्या विचारीत राहिल्या: ट्रम्प की बायडेन? हा सामना काल्पनिक आहे असे कोणालाही वाटत नव्हते. दोघेही मैदानात होते, दोघांमध्ये आधी एक सामना झालेलाही होता. २१ जुलै २०२४ रोजी जो बायडेन यांनी माघार घेतली आणि तोवरची सारी टक्केवारी एका दुपारी संकेतार्थात जमा झाली. आपल्याकडे २००४च्या लोकसभा निवडणुकीत बहुतेक अंदाजकर्त्यांनी सत्तारूढ आघाडीला पुन्हा निवडून दिले होते, त्याची अनेकांना आठवण असेल. परंतु तेथे निदान लढणारे तेच होते.

असो. १९९६च्या त्या न झालेल्या लढतीचा कौल मागितलाच, तर सर्व बाजू तोलून तो थोडासा क्लिंटन यांच्या बाजूने झुकतो. डोल यांना मिळालेल्या मतांहून पॉवेल यांना पुष्कळच अधिक मते मिळाली असती, केंटकीपासून ओहायोपर्यंतची बरीच राज्ये उलटली असती, आणि पेन्सिल्व्हेनियाचा निकाल रात्री उशिरापर्यंत लागला नसता. पण आधी उमेदवारी, मग टाळेबंदीचे ओझे, मग सुधारलेली अर्थव्यवस्था, आणि शेवटी मतपेटीपाशी होणारा तो अबोल पालट, अशा चार उंबरठ्यांपैकी एकावर तरी ठेच लागण्याचा संभव मोठा होता. या कौलावर कोणी पैज लावू नये. शंभरातील पाच माणसे हा फरक लहानही आहे आणि मोठाही आहे.

स्वतः पॉवेल यांनी हा हिशेब कसा मांडला असेल? सैन्यात असताना त्यांचा एक सिद्धांत प्रसिद्ध होता. उद्दिष्ट स्पष्ट असल्याशिवाय, पुरेसे बळ हाती असल्याशिवाय आणि बाहेर पडण्याची वाट माहीत असल्याशिवाय युद्धात उतरू नये, असे ते म्हणत. चाचण्यांतील आघाडी हे बळ नव्हे, हे ओळखण्याइतके ते मुरलेले होते. पत्नी अल्मा यांचा या फंदात पडण्याला विरोध होता, हेही सर्वज्ञात आहे. पुढे २००१ साली ते परराष्ट्रमंत्री झाले. फेब्रुवारी २००३मध्ये इराकमधील शस्त्रास्त्रांविषयी संयुक्त राष्ट्रसंघापुढे त्यांनी केलेले भाषण पुढे खोटे ठरले आणि त्यांच्या लौकिकाला डाग लागला. त्या कोऱ्या नावावर अखेर काहीतरी लिहिले गेले. १९ ऑक्टोबर २००८ रोजी, आपल्याच पक्षाच्या उमेदवाराला डावलून, त्यांनी ओबामांना जाहीर पाठिंबा दिला. १८ ऑक्टोबर २०२१ रोजी ते वारले.

मते मात्र त्यांना मिळाली, आणि ती कोणत्याही अंदाजकर्त्याच्या स्वप्नातही नव्हती. १९ डिसेंबर २०१६ रोजी निर्वाचकांनी राज्याराज्यांत आपापली मते नोंदविली. वॉशिंग्टन राज्य हिलरी क्लिंटन यांनी जिंकले होते; तेथील बारा निर्वाचकांनी त्यांनाच मत द्यावयाचे होते. परंतु ट्रम्प यांना रोखता येईल अशा आशेने त्यांतील तिघांनी कॉलिन पॉवेल यांचे नाव लिहिले. त्या वर्षी पॉवेल उमेदवार नव्हते, त्यांनी कोणाकडे मत मागितले नव्हते, आणि तोवर ते एकोणऐंशी वर्षांचे झाले होते. राज्याने त्या तिघांना प्रत्येकी एक हजार डॉलर दंड केला. वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि जुलै २०२०मध्ये न्यायालयाने दंड योग्य ठरविला. मते मात्र मोजली गेली होती. २०१६च्या अधिकृत निकालपत्रात ट्रम्प ३०४, हिलरी क्लिंटन २२७ आणि त्यांच्या खाली, कॉलिन पॉवेल ३, अशी नोंद आहे.